शेंगदाण्याएवढी गाडगी

“काकी, ही बघ, परत आली चोरटी.”

शेवंता मातीच्या गोळ्याशेजारी उकिडवी बसली होती आणि तिच्या नाकासमोर एक कुंभारीण माशी ओल्या मातीवर उतरली होती. बेंदूर आठवड्यावर आला होता. आमच्या भागात बेंदराला प्रत्येक घरी मातीच्या बैलांची जोडी पुजतात आणि ते बैल पुरवायचं काम आम्हा कुंभारांचं. छपरात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. चुलीच्या उबेला बैलांची रांग वाळत पडली होती, आणि आमचे हे खांबाला टेकून, एका बैलाला शिंगं लावून आता तंबाखू मळत होते.

“हाकलू हिला?” शेवूनं विचारलं.

“हाकलू नको. पाव्हणी हाय ती.”

“पाव्हणी आन् माती चोरती?”

“मोहरीएवढी तर नेती. तुझ्या तात्याच्या तंबाखूपेक्षा स्वस्तात पडती.”

“माझ्या तंबाखूवर का घसरलीस?” हे म्हणाले, पण मळायचं काही थांबले नाहीत.

ती माशी अंगानं काळीकुळकुळीत होती. कंबर सुतासारखी, पंख धुरानं काळवंडल्यासारखे. एका जागी उभी राहिली तरी पंख सारखे झटकायची, घाईत असलेली बाई पदर झटकते तसे. तोंडात मातीचा कण धरला आणि ती उडाली ती थेट छपराच्या कोपऱ्यात. तिथे एक तडकलेला रांजण आडवा पडलेला होता. विकायचा नाही आणि टाकवतही नाही, अशी ती वस्तू. त्याच्या पोटात, पाऊस आणि ऊन दोन्ही लागणार नाही अशा जागी, तिनं घर मांडलं होतं. शेवूचं डोकं त्या रांजणाच्या तोंडात आरामात जायचं, त्यामुळे त्या घराची सगळी बातमी आम्हाला तिच्याकडून मिळायची.

“काकी, आज पाचवं गाडगं झालं. सगळी आडवी ठेवलीत. एकावर एक, आपल्या उतरंडीसारखी.”

मीही डोकावून पाहिलं होतं. शेंगदाण्याएवढी गाडगी. शेंगदाण्याएवढीच, पण काय गोल! कणाला कण लावायची आणि पोटाच्या टोकानं आतून बाहेरून सारवायची. चाक नाही, थापटणं नाही. ह्यांनी एकदा ती गाडगी बघितली आणि दिवसभर आपल्या मडक्यांकडे वाकड्या नजरेनं बघत बसले.

“आत काय ठेवती गं ती?”

“कोळी,” मी म्हटलं. “कुठनं तरी कोळी धरून आणती. एका गाडग्यात एक. मग तोंड लिंपून टाकती आन् भाईर बसून गुणगुणती. माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो. ऐकून ऐकून त्यो कोळी आत कुंभारीण होतो. मग गाडगं फोडून उडून जातो.”

हे मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं. आमच्या घरात त्या माशीला कुणी मारत नसे, आणि तिचं लिंपलेलं गाडगं फोडायचं तर नावच नाही. कुंभाराच्या घरात भरलेलं गाडगं फोडत नाहीत. त्यामुळे आत खरोखर काय असतं हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

शेवूनं मातीचा एक कण बोटांत घेऊन गोल वळला. मग म्हणाली, “मला बी तू आणलंयस, व्हय ना?”

“व्हय.”

“मग मला काय म्हणायचीस कानात?”

“ह्येच. माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो.”

“मग झाली का मी?”

“नाक सोडून झालीस.”

ती खिदळली आणि चिखल तुडवायला आली. माती पायानं मळायची तर तिला साथीला घेतल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी तिचे दोन्ही हात धरायची आणि आम्ही दोघी चिखलात पच्‌पच् नाचायचो. सहा वर्षांची पोर, तिच्या पायानं माती काय मळणार! पण मला वाटायचं, त्या दिवशीची मडकी तडकत नाहीत.

शेवू माझ्या पोटची नव्हती. माझे दीर आनंदा भावजी इचलकरंजीला मागावर कामाला होते. त्यांची बायको सखू काविळीनं गेली तेव्हा शेवू अजून अंगावर पीत होती. घोंगडीत गुंडाळून त्यांनी तिला आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला मूल नव्हतं. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि गावातल्या बायकांनी ओटी भरताना मला गाळायला सुरुवात केली होती. त्या घोंगडीतून तिनं हात बाहेर काढून माझं मंगळसूत्र धरलं, आणि त्या दिवसापासून मी कुणाच्या ओटीची वाट बघितली नाही.

त्या संध्याकाळी सुतारांचा पोरगा इचलकरंजीहून निरोप घेऊन आला. आनंदा भावजी बेंदराला येणार होते, नव्या बायकोला घेऊन. आणि जाताना शेवूला नेणार होते.

नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. आदल्या दिवाळीत ते तिला घेऊन गेले होते. माझ्या गळ्याला तिनं मारलेली मिठी सोडवायला दोघांना जोर लावावा लागला होता. तिथे ती रडली, जेवली नाही, अंगात ताप भरला आणि तिला आकडी आली. दातखीळ बसली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं भावजींना म्हणे फैलावर घेतलं, की पोरगी हातची गेली असती. डोळे खोल गेलेली, हातापायाच्या काड्या झालेली माझी पोर मला परत मिळाली, तेव्हा मी देवाला नारळ फोडला. आपल्या पोरीच्या आजारपणाचा आनंद झालेली बाई मी. काय करणार, झाला होता.

“पुन्यांदा न्यायचं म्हणजे काय?” मी ह्यांच्यावर तणतणले. “जीव घेत्यात का काय पोरीचा?”

“बाप हाय त्यो.”

“मग मी कोण हाय?”

हे बैलाचं शेपूट वळत राहिले. “तू कोण हायस ते मला ठावं हाय गं,” ते म्हणाले. “पर बापानं मागितली तर मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?”

त्यानंतर दोन-तीन दिवसांत शेवू बदलली. मी बाजाराहून आले तर ती धावत आली नाही. चिखल तुडवायला हाक मारली तर म्हणाली, “पाय दुखत्यात.” संध्याकाळी मी रोज तिच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळायची, पण आता ती पाय पोटाशी घेऊन बसली आणि वरून परकर ओढून घेतला.

“दाखव बघू काय झालंय ते.”

“काय न्हाई.”

“मग दे की पाय.”

“नको!” ती इतक्या जोरात म्हणाली, की तेलाची वाटी माझ्या हातून लवंडली.

मला वाटलं, तिच्या कानावर निरोप गेलाय. माझ्यावर रुसलीय, की काकी मला कशी जाऊ देते. त्या रुसण्यानंही मला बरं वाटलं होतं, आता सांगायला काय हरकत आहे. मी मनात म्हणत होते, रुस बाई, रड, आकांत कर, म्हणजे तुला नेण्याची कुणाची छाती होणार नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी आनंदा भावजी आले. बरोबर कमल. मी तिचा दुस्वास करायची सगळी तयारी करून ठेवली होती, पण त्या बाईनं ती चालू दिली नाही. आल्या आल्या तिनं पाय धुतले, पदर खोचला आणि माझ्याबरोबर भाकरी थापायला बसली.

“वैनी, हिला काय काय आवडतं ते मला सांगा,” ती म्हणाली. “आन् रडायला लागली तर तुम्ही काय करता, तेबी सांगा. मागच्या येळी काय झालं ते ह्यांनी सांगितलंय मला. मला झोप न्हाई तवापासनं.”

आता अशा बाईला काय बोलायचं? मी सांगितलं. दुधात गूळ आवडतो, साखर नाही. झोपताना गोष्ट लागते. उजव्या कुशीवर झोपते. सांगता सांगता भाकरी करपली.

जेवताना भावजी ह्यांच्यासमोर, पण मला ऐकू जाईल असं बोलले. “दादा, खोली घेतलीया. शाळेत नाव घातलंय. ह्या येळी रडली तरी नेणार. चार दिस रडंल, सवय हुईल. परत आणून सोडली तर ती कायमचीच परकी हुईल मला. माझी बी पोरगी हाय ती. सखूची येवढीच खूण हाय माझ्याजवळ.”

त्यांचे डोळे भरले होते. ह्यांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात वाढला. त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

दुपारी राहिलेले बैल आणायला मी छपरात गेले. शेवू रांजणापाशीही दिसत नव्हती; सवयीनं मीच आत डोकावले. गाडग्यांच्या उतरंडीतलं वरचं एक गाडगं वेगळंच दिसत होतं. बाकीची कशी सारवलेली, गुळगुळीत. ह्याचं तोंड मात्र ओबडधोबड लिंपलेलं, आणि त्या लिंपणावर एका लहानशा अंगठ्याचा ठसा होता. माती पातळ झाली होती, म्हणून वाळताना चीरही गेली होती. कुंभाराच्या पोरीनं एवढं पातळ लिंपू नये, हा विचार आधी मनात आला.

मग मी नखानं ते लिंपण काढलं. जन्मात पहिल्यांदा.

आत एक कोळी होता. त्याला पाय नव्हते. आठही पाय बुडापासून खुडलेले, भाजी निवडताना देठ खुडतो तसे. नुसतं पोट उरलेलं, तेही अर्धं सुकलेलं, आणि त्याला चिकटून एक पांढरी, फुगलेली अळी. अळीच खात होती त्याला. तीच माशी होणार होती. कोळ्याचं काहीच होणार नव्हतं.

मागे पाऊल वाजलं. शेवू छपराच्या दाराशी उभी होती. आत येत नव्हती.

“म्याच उघडलं,” ती म्हणाली.

“कवा?”

“तू बाजारला गेल्तीस तवा. त्यो कुंभारीण झालाय का बघायचा हुता.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “काकी, त्याला पाय न्हाईत.”

“व्हय.”

“तवा त्यो जित्ता हुता. हलत हुता. पळून जाऊ ने म्हणून तोडत्यात व्हय गं पाय?”

तिनं परकर खाली ओढून पाय झाकले आणि ज्या प्रश्नासाठी ती इतके दिवस माझ्यापासून लांब लांब राहिली होती, तो विचारला.

“तू रोज माझ्या पायाला त्याल लावत्यास, त्ये त्याच्यासाठीच का?”

हसू येईल कुणाला. मलाही दुसऱ्या कुठल्या दिवशी आलं असतं. मी तिला ओढून पोटाशी धरलं असतं, म्हटलं असतं, “अगं येडे, मी काय माशी हाय?” आणि ती आधी रडली असती, मग हसली असती, आणि मग तिनं माझ्या गळ्याला तीच मिठी मारली असती, जी सोडवायला मागच्या वेळी दोघं लागले होते. एवढ्या एका वाक्याचं अंतर होतं. वाक्य माझ्या ओठावर होतं.

तेवढ्यात घरातून भावजींचा आवाज आला. उद्याची गाडी किती वाजता सुटते, ते ह्यांना विचारत होते.

मला दातखीळ बसलेली शेवू दिसली. खोल गेलेले डोळे दिसले. ह्या वेळी ते तिला परत आणणार नव्हते. रडली तरी नेणार होते. म्हणजे ती माझी पोर म्हणून गेली असती तर फाटून गेली असती. आणि मला भिऊन गेली, तर आपल्या पायांनी गाडीत चढणार होती.

मी जागची हलले नाही. हात मागे घेतले, पदरात गुंडाळले.

“बाबाकडं जातीस?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “तिथं पाय तोडत न्हाईत?”

“न्हाई,” मी म्हटलं. “तिथं कुणी तोडत न्हाई.”

“त्या नव्या आईकडं बी न्हाई?”

“न्हाई. ती लई चांगली हाय.”

ती मान हलवून मागे सरकली आणि पळत सुटली. घरात गेली आणि कमलच्या मांडीवर जाऊन बसली. आतून कमलचा आनंदानं घोगरा झालेला आवाज आला, “अगं बया, आपणहून आली की ही.” मी छपरात राहिलेले बैल पाटीत भरत होते. त्यातल्या एकाचं शिंग माझ्याच हातानं मोडलं, ते परत लावत बसले. लागेना. माती वाळली होती.

दुसऱ्या दिवशी बैल पुजले, पोळ्या झाल्या. शेवू कमलच्या ताटात जेवली. मी तिचे कपडे बांधले, वर गुळाची ढेप ठेवली. स्टँडवर भावजींचा चेहरा आधीच कसनुसा झाला होता. आता आरडाओरडा होणार, लोक जमणार, ह्या धास्तीनं ते सारखे घाम पुसत होते. गाडी लागली. शेवू कमलचं बोट धरून चढली. मी खिडकीशी गेले, तर ती आत सरकली आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन बसली.

“काकीला टाटा कर की गं,” कमल म्हणाली.

तिनं केला. कमलच्या काखेतून, घाईघाईनं.

“वैनी, काय जादू केलीस?” भावजी खाली उतरून माझ्या पाया पडले. “रडली बी न्हाई. तुझं उपकार मी जन्मात इसरायचो न्हाई.”

“समजावलं,” मी म्हटलं. “शानी हाय ती.”

परत येताना हे माझ्या चार पावलं पुढे चालत होते. ओढ्यापाशी आल्यावर खाली बसले आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. मग म्हणाले, “येवढी निष्ठूर कशी गं निघाली पोरगी? एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई तिनं.” मी त्यांच्या शेजारी बसले. सांगावंसं वाटलं. पण ह्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. खरं कळलं असतं तर त्याच पावली इचलकरंजीची दुसरी गाडी धरून ते गेले असते आणि पोरीला सांगून आले असते, की तुझी काकी तशी नाही. मग सगळं पहिल्यापासून. म्हणून त्यांनाही सांगितलं नाही. कधीच नाही.

शेवू तिथे रुळली. शिकली. कमलला आई म्हणायला लागली. सणावाराला आली, तरी माझ्यापासून हातभर लांब बसायची, नमस्कारही वाकल्यासारखं करून करायची. तिच्या लग्नात मी होते, जेवणाच्या पंगती वाढत होते. हे तिच्याबद्दल कधी बोलत नसत. मनात अढी ठेवूनच गेले.

त्यांच्या बाराव्याला ती नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली. कमलही आली होती, आता गुडघ्यांनी जायबंदी; ती पुढच्या खोलीत पडली होती. मी मागच्या दारी तांदूळ निवडत बसले होते. शेवू आली आणि कधी नव्हे ती माझ्याजवळ टेकली.

“काकी, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“इचार.”

“लहानपणी मला तुझी फार भीती वाटायची. का, ते काही केल्या आठवत नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. माझी पोरगी एवढी झाली, आणि हल्ली सारखं मनात येतं.” ती जरा थांबली. “तू मारायचीस का गं मला?”

माझा हात तांदळात होता, तो तिथेच राहिला. पस्तीस वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते, असं मला तेव्हा कळलं. सगळं सांगता आलं असतं. तिला हसू आलं असतं, मग रडू. आणि मग तिला कळलं असतं, की तिला तिच्या आईपासून सोडवून दुसऱ्या आईकडे पाठवलं होतं, आणि ती उगाच भीत भीत एवढी मोठी झाली. पुढच्या खोलीतून कमलनं तिला हाक मारली. “आले गं आई,” शेवूनं ओरडून सांगितलं. त्या हाकेत किती सुख होतं ते मला ऐकू आलं.

“मारायची,” मी म्हटलं. “तापट हुती मी लई.”

“तरीच,” ती म्हणाली. तिचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, कुणी लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, “जाऊ दे गं काकी. मी काही मनात ठेवलेलं नाही.” आणि माझ्या मांडीवरचं सूप ओढून घेऊन उरलेले तांदूळ तिनं निवडले.